तसबिरीतला सेनापती

रणांगणावर ज्याने देह ठेवला, त्याच्या चुकांचा उच्चार करावा की करू नये? प्रश्न जुना आहे, आणि सभ्य समाजाने त्याचे उत्तर बहुधा मौनानेच दिलेले आहे. गेलेल्या माणसाविषयी वावगे बोलू नये, हा संकेत आपल्या घराघरांतून पाळला जातो. त्यामागे केवळ भीड नाही, न्यायबुद्धीही आहे. ज्याला आपली बाजू मांडता येत नाही, त्याच्यावर आरोप ठेवणे कोणत्याही न्यायासनास रुचणारे नाही. परंतु मौन ही एक गोष्ट आणि खोटी साक्ष ही दुसरी. मृताच्या दोषांविषयी न बोलणे, आणि ते दोष हेच त्याचे गुण होते असे शपथपूर्वक सांगणे, यांत फार मोठे अंतर आहे. हे अंतर कोठे सुरू होते आणि ते ओलांडल्याची किंमत कोणाला भरावी लागते, याचा विचार करण्यासाठी वाचकांना मी एका अनपेक्षित स्थळी नेऊ इच्छितो. ते स्थळ म्हणजे अमेरिकन घोडदळाच्या सीमायुद्धांवरील चित्रपट.

काहींना हे स्थळ हलके वाटेल. 'वेस्टर्न' या नावाने ओळखले जाणारे चित्रपट म्हटले की धूळ, घोडे, पिस्तुले आणि शेवटी सज्जनाचा विजय, एवढेच डोळ्यांपुढे येते. आणि पुष्कळशा चित्रपटांत याहून अधिक काही नसतेही. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या पश्चिम सीमेवर जे घडले, ते त्या राष्ट्राचे पुराणच होऊन बसले आहे. वसाहतवाले पश्चिमेकडे सरकत होते, मूळ रहिवाशांच्या जमातींशी तह होत होते आणि मोडले जात होते, आणि या दोहोंच्या मध्ये घोडदळाची ठाणी उभी होती. एखादे राष्ट्र स्वतःविषयी काय मानू इच्छिते, हे त्याच्या पुराणांवरून कळते. म्हणून या चित्रपटांकडे केवळ करमणूक म्हणून पाहून चालणार नाही.

या प्रकारातील एक श्रेष्ठ चित्रपट म्हणजे जॉन फोर्ड याने दिग्दर्शित केलेला आणि १९४८ साली प्रदर्शित झालेला 'फोर्ट अपॅची'. त्याचा नायक म्हणावा की प्रतिनायक, असा प्रश्न पडावा असे पात्र म्हणजे लेफ्टनंट कर्नल ओवेन थर्सडे. ही भूमिका हेन्री फोंडा याने केली आहे. यादवी युद्धात थर्सडेने जनरलचा मान भोगलेला असतो. युद्ध संपताच तो हुद्दा जातो आणि त्याची नेमणूक ॲरिझोनातील एका आडबाजूच्या ठाण्यावर होते. इतर अधिकारी सू आणि शायेन यांसारख्या मोठ्या जमातींशी लढून वर्तमानपत्रांत नाव मिळवीत असता आपल्या वाट्याला मात्र मूठभर अपॅचींचे किरकोळ उपद्रव यावेत, हे शल्य त्याच्या मनात आहे. अपॅचींचे युद्धकौशल्य प्रत्यक्ष पाहिलेला कॅप्टन कर्बी यॉर्क, म्हणजे जॉन वेन, त्याला सावध करू पाहतो. पण त्या अनुभवाची थर्सडेला किंमत वाटत नाही.

थर्सडे दुष्ट नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. तो भ्याड नाही, लाचखाऊ नाही, आळशी नाही. गणवेशाच्या बटणापासून सलामीच्या पद्धतीपर्यंत प्रत्येक नियम त्याला पाठ आहे आणि तो स्वतः ते पाळतो. अपॅचींना सडका माल आणि विषासमान दारू विकणाऱ्या मीचम नावाच्या सरकारी प्रतिनिधीचा त्याला मनापासून तिटकारा आहे. तरीही मीचम सरकारने नेमलेला आहे, एवढ्या एका कारणास्तव तो त्याच्या पाठीशी उभा राहतो. आपल्या मुलीचे एका तरुण लेफ्टनंटवर प्रेम बसलेले पाहून तो अस्वस्थ होतो. कारण तो तरुण सार्जंट-मेजरचा मुलगा आहे आणि पायरी ओलांडणे थर्सडेच्या नियमांत बसत नाही. नियम आणि धर्म यांतील भेद ज्याला उमगलेला नाही, असा हा मनुष्य आहे. कोर्टकचेरीत आयुष्य घालविणाऱ्या कोणालाही हा नमुना परका वाटणार नाही. कायद्याचे कलम तोंडपाठ, पण ते कोणासाठी केले याचे विस्मरण, असे लोक आम्हांला नित्य भेटतात.

थर्सडेचा खरा अपराध शेवटच्या लढाईत घडत नाही, त्याआधीच घडतो. मीचमच्या जाचाला कंटाळून कोचीस या नेत्याच्या नेतृत्वाखाली अपॅची मेक्सिकोत निघून गेलेले असतात. त्यांनी परत यावे म्हणून बोलणी करण्यास यॉर्क जातो आणि तेही थर्सडेच्या संमतीने. यॉर्क शब्द देतो, कोचीस त्या शब्दावर विसंबून परत येतो, आणि थर्सडे सांगतो की आता तो आटोक्यात आला आहे तर त्याच्यावर चालून जाऊ. यॉर्क म्हणतो, मी शब्द दिला आहे. रानटी माणसाला दिलेल्या शब्दात प्रतिष्ठेचा प्रश्नच येत नाही, असे थर्सडेचे उत्तर असते. मुखत्याराने आपल्या अधिकारात राहून दिलेले वचन धन्यावर बंधनकारक असते, हे साध्या दुकानदारालाही ठाऊक असते. ज्याने मुखत्यार पाठविला त्याला त्याच्या वचनाचा लाभ उचलून वचन मात्र नाकारता येत नाही. थर्सडेने नेमके तेच केले. नियमांचा एवढा भोक्ता, परंतु सर्वांत जुना नियम त्याने मोडला, कारण समोरचा मनुष्य त्याच्या दृष्टीने नियमांच्या कक्षेतच नव्हता.

पुढचे सर्व या एका कृत्यातून ओघानेच येते. वाटाघाटीत थर्सडे कोचीसचा अपमान करतो. खडकांत अपॅची दबा धरून बसले आहेत असे यॉर्क कळवळून सांगतो. तेव्हा थर्सडे त्याच्या धैर्याविषयीच शंका घेतो, त्याला सामानाच्या गाड्यांकडे पाठवितो आणि चार-चारांच्या रांगा करून पलटण खिंडीत घालतो. पलटण कापली जाते. थर्सडे जखमी होऊन घोड्यावरून पडतो. यॉर्क धावत येऊन त्याला वाचवू पाहतो. त्या क्षणी थर्सडेला जीव वाचविता आला असता. तो यॉर्कचा घोडा मागून घेतो आणि मरणाच्या दारात उभ्या असलेल्या आपल्या माणसांकडे परत जातो. तेथे तो सार्जंट-मेजरची क्षमा मागू लागतो. आणि ती क्षमायाचना आपल्या नातवंडांसाठी राखून ठेवावी, असे तो वृद्ध शिपाई त्याला सांगतो. थोड्याच वेळात सर्व संपते. कोचीस पलटणीचे निशाण यॉर्कसमोर आणून रोवतो आणि उरलेल्यांना जिवंत सोडून निघून जातो.

आता या लेखाला निमित्त झालेला प्रसंग. काही वर्षे लोटली आहेत. यॉर्क त्या पलटणीचा प्रमुख झाला आहे आणि जेरोनिमोवरच्या मोहिमेस निघण्याच्या तयारीत आहे. वार्ताहर त्याला भेटतात. थर्सडे आता राष्ट्रवीर ठरला आहे. वॉशिंग्टनमध्ये त्याच्या अखेरच्या चढाईचे भव्य चित्र लागले आहे. एक वार्ताहर थर्सडेच्या थोरवीविषयी विचारतो. यॉर्क म्हणतो, त्याच्याहून अधिक शौर्याने कोणी मेला नाही. दुसरा त्या चित्राचे वर्णन करतो आणि यॉर्क सांगतो, ते अगदी बारीकसारीक तपशिलांसह बरोबर आहे. मग वार्ताहर म्हणतात की थर्सडेचे नाव सर्वांना ठाऊक आहे, बाकीचे विस्मृतीत गेले. त्यावर यॉर्क खिडकीशी उभा राहून सांगतो की ते मेलेले नाहीत. पलटण आहे तोवर ते आहेत. थर्सडेने ही पलटण अभिमान वाटावा अशी केली, असेही तो म्हणतो. आणि बाहेर पडताना थर्सडे घालीत असे तसलीच, मानेवर फडके सोडलेली टोपी तो डोक्यावर चढवितो.

साक्षीपुराव्याची सवय असलेल्या मनाला यॉर्कच्या जबाबात दोन निराळी विधाने दिसतात. पहिले विधान सत्य आहे. थर्सडे खरोखर शौर्याने मेला. ते आपण डोळ्यांनी पाहिले. दुसरे विधान असत्य आहे, आणि ते असत्य असल्याचेही आपण डोळ्यांनी पाहिले. मनुष्याचे मरण आणि मनुष्याचा निर्णय या दोन भिन्न वस्तू आहेत. मरणाने धैर्य सिद्ध होते, निर्णयाची योग्यता सिद्ध होत नाही. पण लोकमानसात पहिल्याचे तेज दुसऱ्यावर पडते, आणि ते पडू द्यावे की नाही हे ठरविण्याचा अधिकार त्या क्षणी एकट्या यॉर्ककडे होता, कारण सत्य जाणणारा आणि विचारला गेलेला असा साक्षीदार तोच होता.

यॉर्कची बाजू दुबळी आहे असे मात्र कोणी समजू नये. ती शक्य तितकी बळकट करूनच मांडली पाहिजे. तो सीमेवर, शत्रूच्या तोंडावर उभा आहे. आपला पूर्वीचा नायक मूर्खपणाने आपल्या भावांना मरणाच्या तोंडी देऊन गेला, हे नव्या शिपायांना कळले तर ते उद्याची आज्ञा कोणत्या मनाने पाळतील? थर्सडेची मुलगी त्याच ठाण्यावर आहे. तिच्या लहान मुलाच्या नावात आजोबांचे नाव गुंफलेले आहे. त्याला काय सांगावयाचे? स्वतः फोर्डनेही पुढे एका मुलाखतीत यॉर्कचेच समर्थन केले. प्रत्यक्षात थोर नसलेले पुष्कळ लोक थोर म्हणून गणले गेले हे मान्य करूनही, राष्ट्राला आदरास पात्र असे वीर लागतात, अशा आशयाचे त्याचे म्हणणे होते.

आपल्या परंपरेतही या युक्तिवादाला आधार शोधता येईल. कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिकाची कथा सांगतात. सत्यच बोलण्याचे व्रत घेतलेल्या त्या तपस्व्याने लुटारूंना, निरपराध माणसे कोठे लपली आहेत ते खरेखरे सांगून टाकले. माणसे मारली गेली आणि कौशिकाला नरक मिळाला. म्हणजे शब्दाचा खरेपणा हीच सत्याची अंतिम कसोटी नाही, हे आपल्या धर्मग्रंथाने फार पूर्वी मान्य केले आहे. मग यॉर्कला दोष का द्यावा?

दोष द्यावयाचा की नाही, हे याच कथेवरून ठरविता येते. कौशिक गप्प राहिला असता, किंवा खोटे बोलला असता, तर दुबळ्यांचे प्राण वाचले असते. त्या असत्याने ज्यांचे रक्षण झाले असते ते असहाय होते, आणि ज्यांची फसवणूक झाली असती ते मारेकरी होते. यॉर्कच्या असत्याने कोणाचे रक्षण झाले? कोणाचेही प्राण वाचले नाहीत. एका सत्तेची प्रतिष्ठा वाचली. आणि फसवणूक कोणाची झाली? वर्तमानपत्र वाचणाऱ्या नागरिकांची, ज्यांच्या मुलांना उद्या त्याच पलटणीत जावयाचे होते. कौशिकाची कथा असत्याला मुभा देते, पण ती दुबळ्यांसाठी. बलवानांच्या अब्रूसाठी देत नाही. तो दाखला यॉर्कच्या कामी येत नाही.

हे सर्व चित्रपटापुरते असते तर त्यावर इतकी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु थर्सडेच्या मागे जॉर्ज आर्मस्ट्राँग कस्टर या खऱ्या सेनानीची छाया आहे. वेस्ट पॉइंट येथील आपल्या वर्गातून १८६१ साली शेवटच्या क्रमांकाने बाहेर पडलेला हा तरुण यादवी युद्धात अल्पवयात जनरलच्या मानापर्यंत पोहोचला. युद्धानंतर तो सातव्या घोडदळात लेफ्टनंट कर्नल झाला. २५ जून १८७६ रोजी माँटानातील लिटल बिगहॉर्न नदीकाठी लकोटा, शायेन आणि अरापाहो यांच्या प्रचंड छावणीवर त्याने आपल्या दलाचे तुकडे करून हल्ला केला. छावणी फार मोठी आहे असे त्याच्या वाटाड्यांनी सांगितले होते. त्याच्याबरोबरच्या पाच तुकड्यांतील सुमारे २१० जणांपैकी कोणीही जिवंत राहिला नाही. न्यायाने हेही नोंदविले पाहिजे की, आपला सुगावा लागला आहे आणि शत्रू पांगून जाईल अशी भीती त्याला होती, आणि तत्पूर्वीच्या मोहिमांच्या अनुभवावरून ती भीती अगदी निराधार नव्हती.

पुढे जे घडले ते यॉर्कच्या उत्तराचेच विस्तृत रूप होय. राष्ट्राध्यक्ष ग्रँट याने या संहाराचा दोष कस्टरलाच दिला होता, परंतु तो आवाज लवकरच बुडाला. त्याच वर्षी फ्रेडरिक व्हिटेकर याने कस्टरचे गौरवपर चरित्र प्रसिद्ध केले. विधवा पत्नी एलिझाबेथ हिने १८८५ ते १८९० या काळात तीन पुस्तके लिहिली. ती १९३३ पर्यंत हयात होती आणि पतीचे नाव उजळ ठेवणे हे तिने आपले जीवितकार्य मानले. त्या पत्नीनिष्ठेबद्दल आदर वाटल्यावाचून राहत नाही. चित्रपटात वॉशिंग्टनला लागलेल्या तसबिरीचे खरे भावंडही होते: १८९६ साली एका बिअर कंपनीने 'कस्टरची अखेरची लढाई' या चित्राच्या छापील प्रती काढून देशभर दारूच्या गुत्त्यांतून टांगल्या. कित्येक अमेरिकनांना त्या लढाईचा इतिहास कळला तो त्या भिंतींवरून.

तसबिरीत एक मूर्ती तेजस्वी दाखवावयाची, तर कोणाच्या तरी अंगावर काळोख पडावा लागतो. कस्टर चुकला नाही असे म्हटले की दुसरे कोणी तरी चुकले पाहिजे. व्हिटेकरने मेजर मार्कस रेनो या दुय्यम अधिकाऱ्यावर ठपका ठेवला. अखेर रेनोने स्वतःच चौकशीची मागणी केली आणि १८७९ च्या आरंभी शिकागो येथे चौकशी न्यायालय बसले. न्यायालयाने त्याला दोषमुक्त केले, तरी भ्याडपणाचा शिक्का त्याच्या नावावरून पुसला गेला नाही. मृताला दोषमुक्त करण्यासाठी जिवंताला आरोपी करावे लागले. दंतकथा फुकट मिळत नाही. तिचे देणे कोणाला तरी फेडावे लागते.

सर्वांत मोठे देणे फेडले ते लकोटांनी. १८६८ च्या फोर्ट लॅरमी तहाने ब्लॅक हिल्सचा डोंगराळ प्रदेश त्यांच्याकडे राहावयाचा होता. १८७४ साली खुद्द कस्टरच्याच मोहिमेने तेथे सोने असल्याची वार्ता बाहेर आणली. कस्टरच्या मृत्यूनंतर उसळलेल्या क्षोभात लकोटांवर शिधा बंद करण्याची धमकी घालून दडपण आणले गेले, आणि १८७७ च्या कायद्याने तो प्रदेश काढून घेतला गेला. १९४१ सालचा राउल वॉल्श याचा 'दे डाइड विथ देअर बूट्स ऑन' हा चित्रपट मात्र काय सांगतो? त्यात एरॉल फ्लिनने रंगविलेला कस्टर हा तहाचा कैवारी आहे. सोन्याची खोटी आवई उठविणाऱ्या लबाडांविरुद्ध तो उभा राहतो आणि जाणूनबुजून प्राण वेचतो. ज्याच्या मोहिमेमुळे तह मोडला, तोच तहाचा हुतात्मा झाला. यॉर्कने तसबीर बरोबर असल्याचे सांगितले. येथे तसबिरीने इतिहासाची दिशाच उलटी फिरविली.

अशा दंतकथेचा प्रतिवाद करताना मनुष्य विरुद्ध टोकाला जातो. १९७० साली आर्थर पेन याचा 'लिटल बिग मॅन' आला. व्हिएतनामच्या युद्धाने अमेरिकेचे मन पोळलेले होते. माय लाय येथील हत्याकांड नुकतेच उघडकीस आले होते. त्या चित्रपटातील कस्टर म्हणजे वल्गना करणारा, अखेरीस भ्रमिष्ट झालेला अहंमन्य मनुष्य. प्रेक्षक हसले, आणि हसता हसता सुटलेही. सेनानी वेडा होता असे ठरले की ज्या सरकारने तह मोडला, ज्या काँग्रेसने कायदा केला, ज्या जनतेने सोन्याकडे धाव घेतली, त्या सर्वांची सुटका होते. देवपण दिले काय आणि वेडेपण दिले काय, संस्थेचा हिशेब तपासावयाचा राहूनच जातो.

मृताविरुद्धही खोटी साक्ष देता येते, याचे आणखी एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. २१ डिसेंबर १८६६ रोजी फोर्ट फिल कर्नीजवळ कॅप्टन विल्यम फेटरमन आणि त्याची तुकडी, असे एकूण ८१ जण मारले गेले. ऐंशी माणसे द्या, सर्व सू मुलुखातून स्वार होऊन जातो, अशी बढाई त्याने मारली होती, असे पुढे पुस्तकापुस्तकांतून छापले गेले. समकालीन कागदपत्रांत या बढाईला आधार नाही असे आता अभ्यासक दाखवितात. आकडा इतका नेमका जुळला, यातच त्या गोष्टीची कृत्रिमता दिसते. शौर्याची दंतकथा आणि गर्वाची दंतकथा या दोन्ही एकाच कारखान्यात घडतात. म्हणून सत्याचा आग्रह धरणे म्हणजे मृताची निंदा करणे नव्हे. कित्येकदा तो मृताचा बचावही ठरतो.

आता यॉर्कच्या जबाबात सर्वांत अधिक कोणावर अन्याय झाला ते पाहू. माझ्या मते तो कोचीसवर झाला. चित्रपटातील कोचीस दिलेल्या शब्दावर परत आला, बोलण्यास तयार होता, आणि विजयानंतर त्याने उरलेल्यांना सोडून दिले. वॉशिंग्टनमधल्या तसबिरीत मात्र तो केवळ एक हिंस्र शत्रू आहे. खऱ्या कोचीसची कथाही याच स्वरूपाची आहे. फेब्रुवारी १८६१ मध्ये अपॅची पास येथे लेफ्टनंट जॉर्ज बॅस्कम याने त्याला भेटीस बोलाविले आणि एका मुलाच्या अपहरणाचा आळ घेऊन तंबूतच अडकविण्याचा प्रयत्न केला. ते अपहरण दुसऱ्याच टोळीने केले होते. कोचीस तंबू फाडून निसटला. दोन्हीकडील ओलीस मारले गेले आणि दहा-अकरा वर्षे युद्ध पेटत राहिले. अखेर १८७२ मध्ये जनरल हॉवर्ड थोड्या सोबत्यांनिशी त्याच्याकडे गेला आणि दोघांनी दिलेल्या शब्दावर शांतता प्रस्थापित झाली. १८७४ मध्ये कोचीस वारला, तोवर त्याने ती पाळली. शब्द मोडल्याने युद्ध झाले आणि शब्द पाळल्याने ते थांबले. सीमेवरच्या नव्या शिपायाला शिकवावयाचा धडा कोणता असेल, तर हा होता. आणि यॉर्कने नेमका तोच झाकला.

सैन्याचे मनोबल रक्षावे म्हणून सत्य लपवावे, हे म्हणणे या ठिकाणी कोसळते. शिपाई आज्ञा पाळतो तो आज्ञा देणाऱ्याच्या विवेकावर विश्वास ठेवून. तो विश्वास खोट्या तसबिरीवर उभारावयाचा म्हणजे पुढच्या थर्सडेची वाट मोकळी करून ठेवावयाची. फोर्डची दिग्दर्शकीय दृष्टी त्याच्या स्वतःच्या मतापेक्षा अधिक प्रामाणिक ठरते ती येथे. यॉर्क शेवटी ती टोपी चढवितो तेव्हा प्रेक्षकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकते: हाही त्याच वाटेने निघाला की काय? शिवाय दिग्दर्शकाने वार्ताहरांना जे कळू दिले नाही ते आपल्याला दोन तास दाखविले आहे. पात्र खोटी साक्ष देते आणि चित्रपट खरी साक्ष देतो. १९६२ साली 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स' या चित्रपटात फोर्डने हीच युक्ती पुन्हा योजली. तेथे संपादक खरी हकीकत ऐकून घेतो आणि ती छापण्याचे नाकारतो. प्रेक्षकाला मात्र ती समजलेली असते.

महाभारतकारांनी हे काम कसे केले ते आठवावे. द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवावे म्हणून धर्मराजाने अश्वत्थाम्याविषयी अर्धे मोठ्याने आणि अर्धे पुटपुटत सांगितले. तोवर भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकला, आणि अखेरीस त्या असत्यासाठी त्याला नरकदर्शनही घडले. युधिष्ठिर विजयी पक्षाचा राजा होता, आणि कथा सांगणारे व्यास त्याच कुळाचे पितामह होते. लपविण्याचे कारणही त्यांच्याजवळ होते आणि सोयही होती. त्यांनी लपविले नाही. म्हणून आपण युधिष्ठिराला कमी मानतो काय? मुळीच नाही. धर्मराज हे नाव त्याच्याकडेच राहिले. ज्याचा दोष सांगितला गेला, त्याच्या गुणांवर आपण अधिक निःशंकपणे विश्वास ठेवतो. आपल्याकडे अशा ग्रंथाला 'हे असे घडले' या अर्थाचे इतिहास हे नाव मिळाले, ते उगीच नव्हे.

यॉर्कला दुसरे काय म्हणता आले असते? थर्सडे शूर होता, असे म्हणून तो थांबू शकला असता. मृताला जे देणे होते ते तेवढ्यात फिटत होते. तसबिरीविषयी विचारल्यावर, तिच्यात माझ्या ओळखीची लढाई नाही, एवढेच त्याने सांगितले असते तरी पुरे होते. एवढ्या वाक्याने पलटण मोडली नसती.

पलटणी सत्याने मोडत नाहीत, याला आता प्रत्यक्ष प्रमाणही आहे. लिटल बिगहॉर्नच्या टेकडीवर, जेथे सातव्या घोडदळाचे शिपाई पडले, तेथे १८९० साली पांढरे संगमरवरी दगड उभारले गेले. त्या स्थळाचे नाव कस्टरवरून ठेवलेले होते; १९९१ च्या कायद्याने ते बदलून नदीच्या नावावरून ठेवण्यात आले. १९९९ पासून पडलेल्या मूळ रहिवासी योद्ध्यांसाठी तांबडे दगड बसविण्यास आरंभ झाला, आणि २००३ साली त्यांचे स्मारक उभे राहिले. ब्लॅक हिल्सचा दावाही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. १९८० साली न्यायालयाने ती भूमी भरपाईशिवाय घेतल्याचे मान्य करून दहा कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देय ठरविली. आणि लकोटांनी पैसे नकोत, भूमी हवी, असे सांगून ती नाकारली. यात कोणाचेही सैन्य विरघळले नाही. पांढरे दगड उपटले गेले नाहीत, त्यांच्या शेजारी तांबडे बसले, इतकेच. तसबिरीत एकाच सेनापतीला जागा होती. टेकडीवर दोन्ही पक्षांच्या मृतांना पुरून उरेल एवढी जागा निघाली.